चौदाव्या पानावरचं वाक्य

मला वाचता आलेला पहिला शब्द बहुधा ‘निषेध’ असावा. वडील एसटीत कंडक्टर होते, आणि त्यांच्या संघटनेची सगळी पत्रकं तेच लिहायचे. वाईच्या आमच्या दोन खोल्यांत गुलाबी, पिवळ्या आणि पोपटी कागदांचे गठ्ठे कायम असायचे. शाळेत नाव घालण्याआधीच मी पत्रकाची घडी घालायला शिकले होते. घडी घालताना वरचा शब्द दिसायचा आणि तो बहुतेक वेळा तोच असायचा.

पत्रकाबद्दल वडिलांचे दोनच नियम होते. एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची. आणि खाली नाव असलंच पाहिजे. एकदा कोणीतरी बिननावाचं पत्रक घरी आणून दिलं. मजकूर वडिलांच्या मताचाच होता, तरी त्यांनी ते दोन बोटांनी उचलून परत केलं. ‘‘खाली कोण उभं आहे ते कळत नाही,’’ म्हणाले.

असल्या घरात वाढल्यावर मी कऱ्हाडला इंजिनिअरिंग केलं आणि तिथल्याच एका छोट्या कंपनीत लागले, याचं आमच्या चळवळीतल्या मित्रांना फार हसू यायचं. ही कंपनी उपसा संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. नदीचं पाणी मोटारींनी उचलून सभासदांच्या रानात पोचवायचं, आणि कोणाच्या रानाला कुठल्या दिवशी पाणी मिळणार त्याची पाळी लावायची, हे या संस्थांचं काम. पूर्वी पाळीची यादी वहीत लिहीत, आता ती संगणकात असते. आमच्याकडे सगळ्यांना प्रोग्रॅम लिहायचा असायचा आणि तो वापरायचा कसा याची पुस्तिका कोणालाच लिहायची नसायची. ते काम मी मागून घेतलं. ‘‘क्रांती सोडून मॅन्युअल लिहायला लागलीस होय?’’ असं एका मित्रानं चहाच्या गाड्यावर सगळ्यांसमोर विचारलं. मी त्याच्याशी तासभर भांडले. यंत्रापुढे बसलेल्या माणसाला आपल्याला काय करता येतं आणि काय येत नाही हे कोणापुढे हात न जोडता कळलं पाहिजे, त्यासाठी कागद लागतो, आणि तो कागद म्हणजे पत्रकच, असं माझं म्हणणं होतं. अजूनही आहे. फक्त त्या वेळी मला वाटायचं की खरं वाक्य आणि ठाम वाक्य एकच असतं.

त्या पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर मी लिहिलं होतं: ‘नव्या यादीत बदल करण्याचा अधिकार फक्त सचिव आणि ऑपरेटर यांनाच असतो.’

मला हे वाक्य आवडायचं. एका वाक्यात एकच गोष्ट, ‘पण’ नाही, ‘परंतु’ नाही. वडिलांना दाखवलं असतं तर त्यांनीही मान हलवली असती.

गेल्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी दुपारी, मला सांगलीकडच्या एका गावातून फोन आला. गाव कृष्णेकाठचं. तिथल्या संस्थेत ऑपरेटर असलेल्या बाईंना सगळं गाव आक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणायचे. संस्थेच्या जुन्या वह्या संगणकात भरल्या त्या आक्कांनीच, एकेक अक्षर शोधत. दहा वर्षं त्या तात्पुरत्या म्हणून काम करत होत्या आणि त्याच महिन्यात त्यांना कायम करायचं ठरत होतं.

‘‘मॅडम, चौदा नंबरचं पान तुमीच लिवलंय नव्हं?’’

‘‘हो. का हो आक्का?’’

‘‘मग तुमीच येऊन वाचून दावा. त्या पानावरनं मला काढाय लागल्यात. सोमवारी बैठक हाय.’’

झालं होतं ते असं. टेकाडाच्या अंगाला ज्यांचं रान आहे, त्या एका निवृत्त फौजींची पाळी यादीत अचानक चार दिवस मागे गेली होती. छापून लावलेल्या यादीत मंगळवार होता आणि संगणकात शनिवार. त्यांनी संस्थेत येऊन विचारलं, ‘‘ऑर्डर किसका था?’’ सचिव म्हणाले, मी हात लावलेला नाही. मग पुस्तिका उघडली गेली. बदल फक्त दोघांना करता येतो; दोघांतले एक नाही म्हणतात; उरलं कोण? फौजींच्या भावकीशी आक्कांच्या माहेरचं जुनं वाकडं होतं, ते लगेच सगळ्यांना आठवलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल केव्हा झाला याची नोंद होती, पण कोणी केला याची नव्हती. मंगळवार, सकाळी अकरा वाजून काही मिनिटं. त्या वेळी आक्का कचेरीतच बसलेल्या होत्या. रोजच बसतात.

‘‘तुम्ही बदललं नाहीत ना?’’ मी विचारलं. विचारायला नको होतं.

‘‘तुमी बी इचारलंच व्हय,’’ आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी जागेवरच ती परिस्थिती तयार करून पाहिली. सचिवांच्या लॉगिनमधून नियम घातला: माझ्या नव्या याद्या मी आणि ऑपरेटर, दोघांनीच बदलायच्या. मग त्याच लॉगिनमधून नवी यादी बनवली. तिसऱ्याच लॉगिनमधून ती बदलायला गेले, तर नकार आला. वाक्य बरोबर होतं. पुस्तिका लिहितानाही मी हेच, अगदी असंच करून पाहिलं होतं.

तेव्हा मला पहिल्यांदा वेगळा प्रश्न सुचला. आक्कांना परत फोन लावला. त्यांनी उचलला, हे त्यांचं मोठेपण.

‘‘आक्का, उन्हाळी यादी बनवली कोणी?’’

‘‘कुनी म्हंजी? आण्णांनी. दर साली आण्णाच करत्यात की.’’

आण्णा म्हणजे त्या संस्थेचे सगळ्यांत वयस्कर सभासद. जैन शेतकरी, नव्वदीच्या आसपासचे. वही होती तेव्हापासूनचा तिथला रिवाज असा, की हंगामाची नवी पाळी सुरू करताना वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ सगळ्यांत थोरल्या सभासदानं लिहायची. मग नारळ फुटायचा आणि मोटार चालू व्हायची. संगणक आल्यावर वही गेली, पण रिवाज कोण मोडणार? सचिवांनी आण्णांसाठी वेगळं लॉगिन काढलं, कारण दुसऱ्याच्या नावानं पहिली ओळ लिहिणं आण्णांना पटेना. हंगामाच्या पहिल्या दिवशी आण्णा धोतर सावरत खुर्चीवर बसायचे, आक्का त्यांचं बोट योग्य बटणावर नेऊन ठेवायच्या, आण्णा ‘नवी यादी’ दाबायचे आणि बाहेर नारळ फुटायचा. आम्ही कऱ्हाडला बसून या गोष्टीची कल्पनाच केली नव्हती. आमच्या डोक्यात यादी म्हणजे सचिवांनी बनवायची गोष्ट होती, कारण आम्ही सचिवांना तसं शिकवलं होतं.

मी तिसरं लॉगिन घेऊन त्यातून नवी यादी बनवली आणि चौथ्यातून ती बदलून पाहिली. बदलली. कुठेही अडली नाही.

आमच्या प्रणालीत नवी यादी जन्माला येते तेव्हा ती संस्थेतल्या सगळ्या लॉगिनांना खुली असते. ती बंद करायची तर बनवणाऱ्यानं प्रणालीला तसं सांगायला हवं. सचिवांनी सांगितलं होतं, पण ते फक्त स्वतःच्या याद्यांबद्दल होतं. आण्णांच्या याद्यांबद्दल कोणीच काही सांगितलं नव्हतं. हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना माहीत होतं. त्यांच्या टिपणात इंग्रजीत एक ओळही होती. मी ती वाचली होती, आणि माझं वाक्य सुटसुटीत राहावं म्हणून सोडून दिली होती.

सरांकडे गेले. कंपनी त्यांचीच, माझ्याच कॉलेजात माझ्या पंधरा वर्षं आधी शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘पुढच्या आवृत्तीत ते पान दुरुस्त करून टाक,’’ म्हणाले. ‘‘गाजावाजा नको.’’

‘‘पुढची आवृत्ती दिवाळीला आहे, सर. बैठक सोमवारी आहे.’’

‘‘तो त्यांचा आपसातला विषय आहे.’’

‘‘ते माझं वाक्य वाचून एका बाईला काढताहेत.’’

‘‘तुझं कसं? पुस्तिकेवर कंपनीचं नाव आहे.’’

‘‘तीच तर अडचण आहे,’’ मी म्हणाले. आवाज चढला होता. पलीकडच्या खोलीतला कीबोर्डांचा खडखडाट बंद पडला. मी राजीनाम्यापर्यंत गेले, आणि मालकवर्ग हा शब्दही वापरला. दोन खोल्यांच्या कंपनीत, जिथे मालक स्वतः चहा करतो, तिथे तो जरा हास्यास्पद वाटतो हे मला तेव्हाही कळत होतं.

सर टेबलावरचं पेन उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, ‘‘सोमवारची रजा टाक. कुठे जाणार ते मला सांगू नकोस. लॅपटॉप ने.’’

सोमवारी सकाळी मी एसटीनं निघाले. खिडकीतून दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेच नांगरलेली काळी रानं. वाटेत मनातल्या मनात भाषण तयार करत होते. त्यात ‘अन्याय’ तीनदा आणि ‘व्यवस्था’ चारदा आली. गावात उतरेपर्यंत ते पाठ झालं होतं.

संस्थेची कचेरी म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर छापील यादी, कोपऱ्यात संगणक. सचिव, फौजी, आण्णा आणि आणखी चारपाच सभासद खुर्च्यांवर बसलेले. आक्का संगणकाशेजारी उभ्या. रोज ज्या खुर्चीवर बसतात ती आज रिकामी ठेवून उभ्या. दारात, चपलांच्या ढिगाशी, पंपघरावरचे मामा टेकून उभे होते. मोटारी तेच चालवतात.

‘‘ह्या बाई कोण?’’ फौजींनी विचारलं.

‘‘चौदा नंबरचं पान लिवलेल्या,’’ आक्का म्हणाल्या.

पाठ केलेलं भाषण राहूनच गेलं. मी एवढंच म्हणाले, ‘‘ते पान चुकीचं आहे. मी लिहिलंय. चुकीचं कसं, ते दाखवते.’’

आण्णांना विनंती केली. त्यांच्या लॉगिनमधून चार नावांची एक खोटी यादी बनवली, बोट त्यांचंच. मग म्हटलं, ‘‘आता सचिव आणि आक्का सोडून कोणीही या. ज्याचं लॉगिन आहे असं कोणीही.’’

लॉगिन होतं चौघांचंच. दारातल्या मामांचंही होतं, कारण मोटार किती तास चालली ते त्यांनी रोज पंपघरातल्या संगणकावरून भरायचं असतं. मामा पुढे आले. हात पँटला पुसले. मी सांगायच्या आधीच त्यांनी यादी उघडली, पहिलं नाव धरून खाली नेलं आणि हात मागे घेतला. दोन बटणं. सवयीच्या हाताची.

फौजी खुर्चीतून पुढे वाकले.

‘‘मामा,’’ सचिव सावकाश म्हणाले, ‘‘हे तुमाला कुनी शिकवलं?’’

‘‘कुनी न्हाई. बटन हाय तितं.’’

‘‘मंगळवारी तुमीच केलंत?’’

‘‘व्हय. म्याच केलं. दुपारपातुर लाईट कमी दाबाची हुती. टेकाडावर पानी चढलंच नसतं. म्हनून फौजींचं मागं घेतलं आन खालच्यांचं फुडं. वही व्हती तवा बी खडूनं फळ्यावर हेच करत हुतो की.’’

‘‘अवो, मग बोलायचं न्हाई व्हय!’’ फौजी उठून उभेच राहिले. ‘‘सहा दिवस हितं तमाशा चाललाय!’’

‘‘मला कुनी इचारलंच न्हाई,’’ मामा म्हणाले. ‘‘आक्कानं केलंय का, आक्कानं केलंय का, येवढंच चाललं हुतं. आक्कानं केल्यालं न्हाई, ते मला ठावं हुतं. आन पुस्तकात लिवलंय दोघंच करत्यात. मला वाटलं, आपलं बटन दाबल्यालं त्यात धरत नसतील.’’

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. फौजी खाली बसले आणि मामांकडे बोट करून म्हणाले, ‘‘पलटणीत असतास तर पंधरा दिवस पाठीवर पिट्टू घेऊन पळवला असता तुला.’’ पण आवाजातली धार गेली होती. लाईटचं कारण त्यांना पटलं होतं. टेकाडावर पाणी चढत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

आक्का हसल्या नाहीत.

मग विषय भलतीकडे गेला. एक सभासद म्हणाले, घोळ आण्णांच्या लॉगिनमुळे झाला, तर ते बंदच करा, यादी सचिवांनी करावी. आण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी घाईनं म्हणाले की त्याची काही गरज नाही, आण्णांच्या लॉगिनमधूनही तोच नियम एकदा घालायचा, की झालं.

‘‘थांब पोरी,’’ आण्णा म्हणाले. ‘‘म्हंजी वाफा मी पाडला, तर बांध बी मलाच घातला पायजे. सचिवानं त्याच्या रानात बांध घातला, म्हनून माज्या रानातलं पानी थांबतंय व्हय? आसंच नव्हं?’’

‘‘असंच, आण्णा.’’

‘‘आन आदीचं जे वाहून गेलंय, त्येला आता बांध घालून उपेग न्हाई.’’

‘‘आधी बनवलेली यादी आपोआप बंद होत नाही. ती वेगळी जाऊन बंद करावी लागते.’’

‘‘मग हे सरळ लिवायचं की.’’

मी तिथेच बसून लिहिलं. सभासद पांगले, सचिव आक्कांना कायम करण्याच्या कागदावर सह्या गोळा करू लागले, आणि आक्का त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्या खुर्चीवर बसल्या. मी एकेक वाक्य त्यांना दाखवत होते. दुसऱ्या वाक्यात ‘डीफॉल्ट अधिकार’ आला, तिथे त्यांनी बोट ठेवलं.

‘‘ह्यो कोन?’’

मी खोडलं. ‘त्याने काहीच सांगितलं नसेल, तर’ असं केलं. लांबलं, पण त्यांनी मान हलवली. तासाभरानं पान तयार झालं ते असं:

‘नवी यादी जो बनवतो, तिची मालकी त्याच्याकडे असते. त्याने काहीच सांगितलं नसेल, तर संस्थेतल्या कुठल्याही लॉगिनला ती बघता येते आणि बदलताही येते. सचिवांनी घातलेला नियम फक्त सचिवांनी बनवलेल्या याद्यांना लागतो, आणि तोही नियम घातल्यानंतरच्या. दुसरं कोणी यादी बनवणार असेल, तर आधी त्याच्या लॉगिनमधून नियम घालावा. जुन्या याद्या आपोआप बंद होत नाहीत. त्या एकेक करून बंद कराव्यात. या पानावर पूर्वी छापलेलं वाक्य चुकीचं होतं.’

खाली मी पेनानं सही केली. आक्कांनी सही वाचली, मग जुनं पान फाडायला गेलेल्या माझ्या हातावर हात ठेवला.

‘‘ते बी ऱ्हाऊ दे. मला लागंल.’’

मी लॅपटॉप बंद करत होते तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘आता एक काम करा. माजा बदलायचा अधिकार काढा. बघायचा तेवढा ठेवा.’’

मला हे अनपेक्षित होतं. वाटेत पाठ केलेलं भाषण आता बाहेर पडलं. हक्क असा सोडायचा नसतो, तुमची चूक नाही तर मागे तुम्ही का सरायचं, उद्या दुसरी बाई या खुर्चीत बसली तर तिचं काय? मी बरंच बोलले. आक्का ऐकत होत्या, पदराच्या टोकानं कीबोर्डवरची धूळ पुसत.

‘‘मॅडम, मंगळवारी मी हितं बसल्याली, येवढाच माजा गुन्हा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हातात अधिकार हाय, म्हनून धरलं. कुनी केलं ते तुमच्या मशीनला सांगता येत न्हाई, तवर मला नको.’’

पत्रकांच्या घरात वाढलेल्या मुलीला बाजू मांडता येते, पण समोरच्या बाजूला माझ्याच कंपनीचं यंत्र होतं, आणि त्याच्या खाली नाव उमटत नव्हतं. मी अधिकार काढला. सचिव कुरकुरले, कारण पाळीतला प्रत्येक बदल आता त्यांनाच येऊन करावा लागणार होता. आक्कांनी त्यांना चहा दिला.

परत आल्यावर मी सरांना ते पान दाखवलं. शेवटचं वाक्य वाचून त्यांनी कपाळ चोळलं. सगळ्या संस्थांना ते पान मात्र त्यांनी त्याच आठवड्यात पाठवलं, शेवटच्या वाक्यासकट. माझं नाव काढलं. त्यावरून आमचं अजून भांडण चालू आहे.

बदल कोणी केला याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये यायला पावसाळा संपला. ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी मी आक्कांना निरोप धाडला, सोबत नवं पान, अधिकार परत कसा घ्यायचा ते सांगणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मला वाटलं, अडल्या असतील.

‘‘सचिवांना बसवलंय मशीनपुढं. तुमी नुसतं ऐका. बोलू नका,’’ त्या म्हणाल्या, आणि पान मोठ्यानं वाचायला लागल्या. एक वाक्य वाचायचं, थांबायचं. मागून सचिवांचं ‘‘दाबलं’’ ऐकू यायचं. मग पुढचं वाक्य. चौथ्या वाक्यावर जरा जास्त वेळ गेला. माझ्या तोंडातून ‘‘तिथे उजवीकडे...’’ असं निघालंच, तर आक्का म्हणाल्या, ‘‘श्शू. लिवलंय की तितं.’’

पान संपलं. कीबोर्डवर काहीतरी वाजलं.

‘‘आलं बदलाखाली माजं नाव,’’ आक्का म्हणाल्या. मग खिडकीशी कोणीतरी पाळीचं विचारायला आलं असावं, कारण ‘‘थांब रं, बघते’’ असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.